शिंगरू का वाढेना

आमच्या घरात घोडा कधीच नव्हता. बैलही नव्हता. एक मांजर होती, तीही शेजारच्या विणकरांची. आमच्याकडे नुसती दुधाच्या वेळेला यायची. तरी माझ्या लहानपणाचा जो तुकडा अजून जसाच्या तसा डोळ्यांपुढे उभा राहतो, तो सगळा घोड्याचा आहे. नेमकं सांगायचं तर एका शिंगराचा. त्या शिंगराला आम्ही कुणी पाहिलं नव्हतं. ते विलायतेत राहत होतं, पुस्तकात, आणि रोज दिवेलागणीला आमच्या लोधीपुरा मोहल्ल्यातल्या दोन खोल्यांत यायचं.

माझे वडील, नाना, शाळेत इंग्रजी शिकवत. आमच्या सगळ्या भाऊबंदांत नांगर सोडून खडू धरणारे ते पहिले. दर रविवारी ते आगगाडीने चांदनीला जात. तिथे रेल्वेच्या एका गोऱ्या साहेबाच्या मडमेला मराठी शिकायची हौस होती. तिचं मराठी कुठवर आलं कोण जाणे, पण साहेबाची बदली झाली आणि सामान बांधताना तिने नानांच्या हाती पाच पुस्तकं ठेवली. ती तिच्या मुलीची होती. मुलगी शिकायला आधीच विलायतेला गेली होती. लाल कापडी बांधणीची, सगळी एका मालिकेतली. पाचही पुस्तकांत त्याच मुली, त्यांचे तेच लहान घोडे, तोच पाऊस, तीच कुंपणं. मुखपृष्ठावर घोड्याचा नाल होता. माझ्या आईने तो पाहिला आणि शुभ असतो म्हणून पुस्तकं देवळीत देवांच्या शेजारी ठेवली. नानांनी ती दोनदा तिथून हलवली आणि मग नाद सोडला.

संध्याकाळी गल्लीतले हातमाग थांबत. दिवसभर ती खटखट इतकी कानात बसलेली असायची, की ती थांबली म्हणजेच आवाज झाल्यासारखं वाटायचं. मग मशिदीतली बांग, मग आमच्या चुलीवर भाकरी थापल्याचा आवाज. आई ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी करायची, सोबत ठेचा आणि कधी वांग्याचं भरीत. तिच्या शेजारी माझी मोठी बहीण इंदूताई पीठ मळत बसे, मी भिंतीला टेकून, आणि नाना कंदिलाजवळ पुस्तक उघडत. ते इंग्रजी वाचत मनात आणि मोठ्याने सांगत मराठीत, न अडखळता. पुस्तकातली मेरी आमच्याकडे आल्यावर मीरा झाली. तिचा काका फुटाणे खायचा. तिच्या तांबूस घोड्याला नानांनी तांबू नाव दिलं होतं. आणि तो घोडा म्हणजे शिंगरू होतं. ‘मीरा शिंगरावर बसून टेकडी उतरली,’ असं नाना सांगत, आणि इंदूताईचे पिठातले हात थांबत.

आता इंग्रजीत त्या जनावराला जे म्हणतात, त्याला आपल्याकडे साधा शब्द आहे: तट्टू. नानांना तो माहीत नव्हता असं नाही. पण तो शब्द आमच्या घरात कुणी काढत नसे. माझे मामा रावेरकडचे. खादीची टोपी घालायचे, दोनदा तुरुंगात जाऊन आले होते, बोलायला सडेतोड. एका दिवाळीत आमच्याकडेच पाटावर बसून, पुढ्यात तुपातला गोड दराबा वाढलेला असताना, सरकारी नोकरीवरून त्यांचं नानांशी वाजलं. शेवटी ते म्हणाले, “दाजी, तुमी काय बोलता? तुमी त भाड्याचे तट्टू.” नाना पाटावरून उठले नाहीत, उलटून बोलले नाहीत. दराबा तसाच राहिला. पुढे मामांचं येणं-जाणं पूर्ववत झालं, माझ्या आईने दोघांना सांभाळून घेतलं, पण तो शब्द मात्र गेला तो गेला. तांगेवाल्याच्या तट्टालाही आई ‘ते लहान घोडं’ म्हणायची. तेव्हा पुस्तकातला प्राणी शिंगरू झाला, यात नवल काही नाही. माणूस स्वतःच्या घरात, स्वतःच्या तोंडाने, रोज तो शब्द कसा उच्चारणार?

पण शिंगरू म्हटलं म्हणजे पोर आलं, आणि पोर म्हटलं म्हणजे वाढणं आलं. पहिलं पुस्तक संपलं, दुसरं संपलं, मीराचे दुधाचे दात पडले, नवे आले, ती शाळेत गेली. तांबू होता तेवढाच. आई भाकरी उलटता उलटता म्हणायची, “तुमच्या विलायतेत त्या जनावराले कोनी कळना चारत नाही वाटते.” मी विचारायची, “नाना, शिंगरू का वाढेना?” नाना चष्मा वर सरकवून म्हणत, “थंड हवेत वाढ उशिरा होते.” थंड हवेचं ते शास्त्र मला पुढे कितीतरी वर्षं खरंच वाटत होतं. शिक्षिका झाल्यावर एका वर्गात मी तसं सांगायच्या बेतात होते, ऐन वेळी जीभ आवरली.

वाढत होती ती आमची इंदूताई. ती नानांच्या वळणावर गेली होती, उंच, लांब हातापायांची. चौथीनंतर तिची शाळा सुटली होती. आई तिच्याकडे बघून उसासा टाकायची, “घोडीसारखी वाढून राहिली ही.” ताईला त्या बोलण्याचा राग यायचा नाही. दुपारी माग चालू असताना, आई शेजारी गेलेली असली, की ती गादीची वळकटी बांधून ओसरीच्या कठड्यावर टाकी आणि तिच्यावर चढून बसे. लुगड्याचा काचा मारलेला, हातात सुंभ, पाठ ताठ, नजर समोरच्या भिंतीपलीकडे. मी खाली उभी राहून राखण करायची. त्या वेळच्या तिच्या तोंडाकडे बघताना मला थोडी भीती वाटायची. एखाद्या गोष्टीची इतकी ओढ मी तोवर कुणाच्या चेहऱ्यावर पाहिली नव्हती.

ती पंधरा वर्षांची असेल. मामा जसोंडी गावचं स्थळ घेऊन आले. घर चांगलं, केळीची बाग, घरचा कापूस, मुलगा एकुलता, स्वभावाने गरीब. नाना ऐकत होते, आई पुढे सरकून ऐकत होती. आणि मग मामा म्हणाले, “दारात घोडी हाये. सासरा घोडीवरच शिवारात जाते.” ताई आतल्या खोलीत डाळ पाखडत होती. सुपाचा आवाज बंद झाला. त्या दिवशी संध्याकाळी पाणी आणताना तिने मला बाजूला ओढलं आणि विचारलं, “मामा घोडी म्हणाले ना? बैल नाही ना म्हणाले?” मी म्हटलं, घोडीच. मग ती घागर सावरत भराभर चालत सुटली. दारात पोचल्यावर म्हणाली, “सुमे, मले तिथंच जायचं हाये. तू कोनाले सांगू नको. सांगितलं त हसतील.”

मुलीला बघायला मुलाची आत्या आली, सोबत दोन बायका. आत्याबाईंच्या कनवटीला एक दोरा होता. मुलगा काही आमच्या घरी येणार नव्हता, तशी रीत नव्हती. त्याच्या बदली हा दोरा आला होता, त्याच्या टाचेपासून डोक्यापर्यंत मापलेला. त्यांनी ताईला भिंतीशी उभं केलं, दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याने दाबलं आणि दुसरं वर ताणलं. ते ताईच्या कपाळापाशीच संपलं. आत्याबाईंनी दोरा सरळ केला, पुन्हा ताणला. तेवढंच. माझी आई पदराने तोंड पुसत होती. आत्याबाई बाई वाईट नव्हत्या, त्यांना मुलगी मनातून आवडली होती. त्या म्हणाल्या, “पोरगी लांबडी हाये, पन गुनाची हाये. मंडपात जरा गुडघ्यात वाकून राहील त कोनाले समजनार नाही. मान त तशीबी खालीच ठेवा लागते.” आईच्या जिवात जीव आला. तिने लगेच मावा जिलेबी पुढे केली.

दुसऱ्या दिवसापासून ताईला वाकून चालायचा सराव लागला. आई म्हणे, लुगड्यात काही दिसत नाही, नुसते गुडघे सैल सोड. ताई घागर घेऊन तशी चालून दाखवी. आधी मला हसू यायचं, मी तिच्या मागे तशीच चालायची. पण ती हसत नव्हती. एखादं काम शिकावं तशी ती ते शिकत होती, आणि दोन-तीन दिवसांत तिला ते असं जमलं की पाठीमागून बघणाऱ्याला ती दुसरीच कुणी वाटावी, ठेंगणी, जरा वयस्क. एका सकाळी नाना शाळेत निघाले होते आणि ती विहिरीवरून तशी येत होती. नानांनी तिला ओळखलं नाही. बाईमाणूस येतंय म्हणून ते वाट सोडून बाजूला झाले. मग त्यांनी वर पाहिलं. त्यांच्या हातातली छत्री खाली पडली. त्या दिवशी ते शाळेतून आले ते न जेवता नुसतं ताक पिऊन बसले.

मामा होकार न्यायला आले त्या संध्याकाळी पाचव्या पुस्तकाची शेवटची पानं राहिली होती. नानांना बहुतेक त्या होकाराचा विषय लांबवायचा होता. ते म्हणाले, “आधी पोरींचं पुस्तक संपवू.” मामा खुर्चीवर बसले, पानाला चुना लावत. आई चुलीशी, ताई परातीशी. नाना वाचू लागले. मीरा आता मोठी झाली होती. तांबूवर बसली की तिचे पाय खाली लोंबत, जवळजवळ गवताला लागत. तिचे वडील कुंपणापाशी उभे राहून ते बघत होते. इथपर्यंत आले आणि नाना थांबले. डोळे ओळींवरून फिरत होते, तोंड बंद. त्यांनी पान उलटलं, परत मागे आणलं. कंदील फरफरला म्हणून मी वात खाली केली. शेवटी मामाच म्हणाले, “काय झालं दाजी? घोडं कुठं पेंड खाऊन राहिलं?”

नाना म्हणाले, “मीरा वाढली. आता ती याच्यावर बसू शकत नाही. एका लहान मुलीला देऊन टाकणार आहेत.”

“पण शिंगरू मोठं होईल ना,” मी म्हटलं. “अजून थोडं थांबले तर तेपण वाढेल.”

“नाही वाढणार,” नाना म्हणाले. त्यांनी चष्मा काढला. “ते शिंगरू नव्हतंच कधी. मी तुम्हाला चुकीचं सांगत आलो. ते तट्टू आहे. पुरतं वाढलेलं. तेवढंच असतं ते.”

मामांच्या हातातलं पान हातातच राहिलं. आई चुलीकडे तोंड करून बसली होती, ती वळली नाही. मग त्यांनी ते खाली ठेवलं आणि म्हणाले, “दाजी, मी तवा रागात बोललो होतो.” त्यांचा आवाज मी इतका खाली आलेला कधी ऐकला नव्हता. नाना म्हणाले, “तुम्ही बोललात ते खरंच होतं. मी आहे तेवढाच राहणार, नोकरी सोडायची माझी हिंमत नाही. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण मुलगी वाढली म्हणून तिच्या बापाने त्या पुस्तकात तिचे पाय छाटले नाहीत. जसोंडीला निरोप द्या. आम्हाला जमत नाही. माझी पोर कुणापुढे गुडघे वाकवून उभी राहणार नाही.”

आज इतक्या वर्षांनी मला कळतं, की नानांच्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा क्षण असेल. ज्याने मेहुण्याची शिवी गिळली, शाळेत हेडमास्तरची बोलणी गिळली, त्या माणसाने त्या संध्याकाळी पहिल्यांदा कुणाला तरी नाही म्हटलं. माझी छाती अभिमानाने भरून यायला हवी होती. पण मी ताईकडे बघत होते. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता.

ती उठली नाही. परातीतच हात ठेवून म्हणाली, “नाना, मले जायचं हाये.”

आई एकदम वळली. “इंदे, गप.” स्वतःच्या लग्नात मुलीने तोंड उघडणं म्हणजे काय, ते आज कुणाला समजावून सांगता येणार नाही. गल्लीत कळलं असतं तर बाकीच्या मुलींच्या आयांनी तिचं नाव घेऊन कान पिळले असते.

“मले कोनी इचारलंच नाही,” ताई म्हणाली. “मामानं ठरवलं तवा नाही, दोरा लावला तवा नाही. आता तुमी मोडता, तवाबी नाही.”

नानांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, “वाकून जायचंय तुला?”

“मंडपापुरतंच त वाकायचं हाये.”

“आणि कशासाठी गं?”

तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. मी ओठ घट्ट मिटले. ती म्हणाली, “मले ते घर पसंत हाये.” न पाहिलेलं घर. मामांना वाटलं केळीची बाग, आईला वाटलं एकुलता मुलगा. नानांना काय वाटलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. भाकरी तव्यावर करपली, तिचा वास सगळ्या घरभर झाला. नानांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, “मी आजवर तुम्हाला सगळं माझ्या शब्दांत सांगत आलो. तुझंही मीच सांगून टाकलं, नाही का?” ताई रडायला लागली, तेव्हा आईने तिच्या हातून परात काढून घेतली.

नाना स्वतः जसोंडीला गेले. मुलगी द्यायला तयार आहे, पण ती ताठ उभी राहील, चालत असेल तर या, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. आत्याबाई कुरकुरल्या. मुलगा तिथेच खांबाला टेकून उभा होता. तो म्हणे हळूच म्हणाला, “उंच हाये त बरंच हाये. केळीचा घड उतरवायले शिडी लागनार नाही.” सगळे हसले आणि काम झालं. लग्नात अंतरपाटाच्या वर ताईचं कपाळ दिसत होतं, मुंडावळ्यांसकट, आणि पलीकडून नवऱ्या मुलाचा नुसता फेटा. तो त्यांच्या घरच्याच घोडीवर बसून आला होता. तांबूस नव्हती, पांढुरकी होती, म्हातारी वाटावी अशी. ताई मान खाली घालून बसली होती तरी तिची नजर मांडवाच्या कडेला कुठे लागली होती ते मला बरोबर कळत होतं.

पावसाळ्यानंतर मी तिच्याकडे राहायला गेले तर गोठ्यात घोडी नव्हती. सासऱ्यांची मांडी दुखू लागली होती, बसवत नव्हतं, म्हणून विकून टाकली. खुंटा तेवढा होता, त्याला वासरू बांधलेलं. मी ताईला विचारलं, “एकदा तरी बसलीस का?”

“येडी का काय तू? सून बसते का घोडीवर?” ती केळीची पानं पुसत होती. “दाना घालत होते मी तिले. रोज. नाक ओलं असते तिचं, नाना सांगत होते तसंच. तेवढं बराबर होतं पुस्तकात.”

मला रडू फुटलं. मी म्हटलं, नानांना सांगते, ते सासऱ्यांशी बोलतील, दुसरी आणायला सांगतील. तिने पान खाली ठेवलं. “काही सांगू नको. मी मागितलं होतं ना? दुसऱ्यानं दिलं असतं त बसून रडले तरी असते.” मग तिने मला जेवायला वाढलं. तिचा नवरा भला माणूस होता, पुढे तिला चार मुलं झाली, बाग वाढली, आणि ती त्या घरात रुजली. पण ते वाक्य तिने सोळाव्या वर्षी उच्चारलं होतं. ते ऐकल्यापासून मी तिला मोठी बहीण म्हणताना नुसतं वय मोजत नाही.

घरी आल्यावर मी नानांना सांगून टाकलं. राहवलं नाही. घोडीचं, वळकटीचं, सगळं. नाना ऐकून घेऊन उठले आणि दारात जाऊन उभे राहिले. गल्लीतले माग चालू होते. त्यानंतर त्यांनी आम्हाला वाचून दाखवणं बंद केलं. त्याऐवजी ते मला शेजारी बसवून इंग्रजी शिकवू लागले, अक्षरापासून, आणि मी एखाद्या शब्दावर अडले की अर्थ सांगायच्या आधी विचारत, “तुला काय वाटतं?” मला वैताग यायचा. सरळ सांगायला काय जातं यांचं, असं वाटायचं.

मी ताईच्या त्या वयाची झाले तेव्हा मामा पुन्हा आले. टोपी तीच, आवाज जरा मऊ झालेला. या वेळचं स्थळ शहरातलं होतं, कापसाच्या व्यापाऱ्याचं, आणि आई हरखली होती. नाना मामांना म्हणाले, “जरा थांबा,” आणि आत आले. मी ज्वारी निवडत होते. ते माझ्यासमोर जमिनीवर बसले, धोतर सावरून, शाळेतल्या मुलासारखे मांडी घालून. म्हणाले, “तुला काय वाटतं?” मी सूप जवळ ओढलं. पुढची शाळा हवी होती, हे मला ठाऊक होतं, पण ते तोंडाने म्हणायचं म्हणजे पुढचं सगळं माझ्या डोक्यावर येणार होतं, हेही जसोंडीला मला कळून चुकलं होतं. बाहेर मामा खाकरले. आईने दोनदा डोकावून पाहिलं. नाना उठले नाहीत. मी सुपातले खडे एकेक बाजूला काढत राहिले, सूप संपलं, खाली ठेवलं, आणि मग त्यांना सांगितलं.